बियाण्याच्या मडक्यातले हुलगे

पेशीच्या अंगावर साखरेचा कोट असतो हे कळलं तेव्हा मी जी चळले, ती अजून ताळ्यावर आलेली नाही. ही साखर चहातली नव्हे. एकीला एक जोडून, मध्येच फांद्या फुटून वाढलेल्या लांब साखळ्या, आणि त्यांचं नुसतं रान माजलेलं. कोणती साखळी कुठे आहे हे शोधायला आम्ही काही बियांमधली प्रथिनं वापरतो. ती ठरावीक साखरेलाच धरतात, दुसरीकडे ढुंकूनही बघत नाहीत. मला हवं होतं हुलग्यातलं प्रथिन.

परदेशातून मागवलेली त्याची कुपी कस्टममध्ये अडकली. पुण्यातले माझे मार्गदर्शक शांतपणे म्हणाले, "महिनाअखेर काही दाखवता आलं नाही तर विषय बदलू." माझी दोन वर्षं पाण्यात जाणार होती आणि मी मात्र मनातल्या मनात हसत होते. हुलगे! धावड्याला आमच्या घरी पोत्यानं हुलगे. काखेत कळसा नि गावाला वळसा. आईला फोन केला, चौथ्या दिवशी पिशवी हजर.

दळले, मिठाच्या पाण्यात भिजवले, गाळले आणि ते पाणी 'ए' गटाच्या रक्ताच्या थेंबात सोडलं. या गटाच्या तांबड्या पेशींवर हुलग्याचं प्रथिन धरतं नेमकी ती साखर असते, म्हणून पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या व्हायला हव्यात. थेंब आपला गुळगुळीत. मी मीठ बदललं, काचपट्ट्या बदलल्या, नशिबाला बोल लावले. शेवटी चिडून आईलाच विचारलं.

"हुलगे कसले दिलेस गं?"

"चांगले निवडून, भाजून दिले की."

"भाजून?"

"मंग? कच्चे देऊ व्हय लेकराला? पोट दुखलं तर तिथं कोण बघंल?"

मी खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. कच्च्या हुलग्यानं पोट दुखतं, कारण हेच प्रथिन आतड्यातल्या साखरेला जाऊन चिकटतं. आणि भाजलं की ते मरतं. माझ्या आईनं मायेनं, मंद आचेवर, माझा प्रबंध भाजला होता. महिना संपायला तीन दिवस होते. दुकानातले हुलगे कधीचे, कुठे तापलेले, याचा भरवसा नव्हता; मी सरळ गावची बस धरली.

पोती तोवर बाजारात गेली होती; घरात कच्चे हुलगे उरले होते ते फक्त बियाण्याच्या मडक्यात, राखेत घोळलेले. त्या मडक्यात हात घालायची कुणालाच मुभा नव्हती. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपन्या रग्गड, पण आई स्वतःच्या बियाण्यावर विसंबणारी.

"त्याला हात लावायचा न्हाई. पेरायचं हाय ते."

"आई, मलाबी पेरायलाच पाहिजे."

 मग मडक्याचं तोंड सोडून तिनं दोन मुठी माझ्या ओच्यात टाकल्या. मला एकदम रडूच आलं.

पुण्यापर्यंत धीर कुठला? पाट्यावर हुलगे भरडले, गावातल्या डॉक्टरांकडून सलाईनची बाटली आणली, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून पाणी गाळलं. आईचा गट 'ए', तिच्या ऑपरेशनच्या कागदावर होता. माझा 'बी'. दोघींची बोटं टोचून सोबत आणलेल्या काचपट्टीवर थेंब घेतले आणि त्यांत ते पाणी सोडलं. माझा थेंब गुळगुळीतच राहिला, राहायलाच हवा होता. आईच्या थेंबात बघता बघता रव्यासारखे तांबडे कण जमले. मी आईला धरून चुलीपुढे गरागरा फिरवली.

"सोड, चक्कर यायली," ती म्हणाली. मग बोट चोखत विचारात पडली. "म्हंजी मी जल्मभर जे भाजून मारून राह्यले, ते तुला जितं पाहिजे व्हतं?"

"बराबर."

"मंग आधी सांगायचं न्हाई का, येडे?"

काचपट्टीचा व्हिडिओ मार्गदर्शकांना धाडला. उत्तर आलं: "विषय हाच ठेवा. हातमोजे घालत जा."

आता माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे. परदेशी कुप्या वेळेवर येतात, हे मी आईला आजवर सांगितलेलं नाही. दर वर्षी तिच्याकडून दोन पुरचुंड्या येतात. एक भाजलेल्या हुलग्यांची. दुसरीवर वाकड्या अक्षरांत चिठ्ठी, 'हे खाऊ नको'. पेरणीसाठी मडकं उघडलं की पहिल्या दोन मुठी ती माझ्या नावाच्या काढते, शेताचं बियाणं त्यानंतर.