आखाजीनंतरही राहिलेला खोकला

"काकू, गाठ फुप्फुसात आहे आणि ती कॅन्सरची आहे," असं जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला वाटलं की कुणा दुसऱ्याचा रिपोर्ट यांच्या हातात आला असेल. उभ्या जन्मात मी बिडीला हात लावला नाही, मशेरीसुद्धा नाही. तसं मी म्हणालेही. ते म्हणाले, "न ओढणाऱ्यांनाही होतो. धुराचा संबंध असू शकतो, पण दर वेळी कारण सापडतंच असं नाही."

धुराचं नाव निघताच शेजारी बसलेले यजमान म्हणाले, "भरिताचा धूर." एरंडोलजवळच्या आमच्या गावात मी आणि माझी धाकटी जाऊ हिरा हिवाळाभर भरिताच्या ऑर्डरी घेतो. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, सोलायची, लाकडी मुसळाने ठेचायची. वीस वर्षं हेच चाललंय. डोळे चुरचुरणार, खोकला येणार, हे धरूनच चालायचं. तो खोकला थंडीत यायचा आणि होळीच्या सुमाराला ऑर्डरी संपल्या की आपोआप जायचा.

त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली तरी तो गेला नाही. माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि माझा आवाज फाटक्या ढोलासारखा. हिरा म्हणाली, "अक्का, तुमना आवाज बसी गया, गरम पानी पी ल्या." प्यायले. उजवा खांदा दुखत होता, तो मी मुसळाच्या खाती घातला. ब्लाऊज ढिले झाले, तर बायका म्हणाल्या, बारीक झाल्यावर छान दिसतेस. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग एका सकाळी थुंकीत रक्ताची बारीक रेघ दिसली. उष्णता असेल म्हणून आठवडाभर सब्जा भिजवून प्यायले आणि कुणाला काही सांगितलं नाही. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

पुन्हा रक्त आलं तेव्हा यजमानांनी दवाखान्यात नेलं. माझे सासरे टीबीने गेलेले, त्यामुळे घरात सगळ्यांच्या पोटात एकच भीती. डॉक्टरांनी थुंकी तपासायला आणि छातीचा एक्स-रे काढायला लिहून दिलं. थुंकीत टीबी निघाला नाही. आम्ही एवढे हरखलो, की येताना पेढे आणून गल्लीत वाटले. टीबी नाही म्हटल्यावर एक्स-रे कशाला, असं माझंच म्हणणं पडलं. त्यात दोन महिने गेले. अंगण झाडताना धाप लागायला लागली, तेव्हा कुठे एक्स-रे निघाला.

त्यात डाग दिसला, म्हणून सीटी स्कॅन, म्हणजे मोठ्या कड्यातून सरकवून छातीचे आतले फोटो घेतात. मग बायॉप्सी, म्हणजे सुईने गाठीचा कण काढून तपासतात. सुईचं फार काही वाटलं नाही. त्यानंतर दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून काढलेले दिवस मात्र जड गेले. नंबर कधी येईल, रिपोर्ट कधी येईल, एवढंच. समोरच्या माणसाच्या डब्यातल्या भाजीचा वास आला तरी नकोसं व्हायचं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन आता करता येणार नाही, आजार दुसऱ्या फुप्फुसात गेलाय. पण तुमच्या गाठीवर चालणारी गोळी आहे. तिने तो दबून राहील. किती दिवस, ते मी सांगू शकत नाही."

मी विचारलं, "दोन महिने आधी आले असते तर?"

"कदाचित," ते म्हणाले.

गोळीने अंगावर पुरळ येतं, जुलाब होतात, दुपारी हात उचलवत नाही. पण त्या 'कदाचित'ने मला जेवढं थकवलं, तेवढं गोळीने नाही.

पुढच्या हिवाळ्यात हिराने एकटीने ऑर्डरी घेतल्या. होळी होऊन महिना झाला तरी तिचा खोकला जाईना. डॉक्टरांनी मला बजावलं होतं की तीन आठवड्यांवर खोकला राहिला, आवाज बसला, वजन उतरलं, रक्त दिसलं, तर आपल्याच मनाने कारण ठरवून घरी बसायचं नाही. मी तिच्या मागे लागले. ती म्हणे, "हाऊ धुरना खोकला शे, अक्का." मी तिच्याशी बोलणं टाकलं. दोन दिवसांनी ती मुकाट्याने जळगावच्या बसमध्ये बसली.

बाकड्यावर तिच्या शेजारी बसले आणि दर थोड्या वेळाने उठून तिचा नंबर विचारत राहिले. माझ्या वेळी मी एवढी घाबरले नव्हते. एक्स-रे साफ निघाला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि जाळापासून लांब राहायला सांगितलं.

परतीच्या बसमध्ये हिरा फुगून बसली होती. "मना बठ्ठा दिन वाया गया. काहीच नही निंघनं."

मला रडू फुटलं. आनंद तर होताच, पण तिचा हेवाही वाटला, तो लपवत नाही. बायांनो, असा एक वाया गेलेला दिवस तुमच्याही वाट्याला येवो, एवढंच मागते.