दुसऱ्याचे आकडे

सांगलीत आम्ही सहा जण एका दुकानवजा ऑफिसात सॉफ्टवेअर करायचो. पुण्यात तीन वर्षं काढून आल्यामुळे तिथला शहाणा मीच. हाताखाली शिराळ्याची एक मुलगी नव्यानं लागली होती. वडिलांचं शिवणकामाचं दुकान, घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच.

एका रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी आम्ही ब्राउझरचं एक्स्टेन्शन करत होतो. पेशंटचं पान उघडायचं, बटण दाबायचं, की मशीनचे आकडे आपोआप त्या पानावरच्या खोक्यांत भरले जायचे. त्यासाठी आमचं एक फंक्शन त्या पानात सोडावं लागे. पण ते तिथं एकटंच जातं. आमच्याकडची कुठलीच माहिती त्याला दिसत नाही. पहिल्यांदा चालवलं तर सगळ्या खोक्यांत आकड्यांऐवजी ‘अनडिफाइंड’ आलं.

मी जुगाड केला. आकडे ब्राउझरच्या साठवणीत ठेवायचे आणि पानात गेलेल्या फंक्शननं ते तिथून उचलायचे. ती टाइप करता करता थांबली.

“सर, दोन पेशंटची पानं एकदम उघडी असली तर? साठवण दोघांची एकच हाय. दुसऱ्याचे आकडे पयल्याला जातील. त्यापेक्षा फंक्शन सोडतानाच आकडे त्याच्या हातात देऊ. त्यासाठीच तर आर्ग्जची सोय हाय की.”

तिचं बरोबर होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. म्हणून मी मोठ्यानं म्हणालो, “हाय? अगं बाई, आधी ‘आहे’ म्हणायला शीक, मग आर्ग्ज शिकव.”

सगळे हसले. मी स्वतः तिकडच्याच आष्ट्याचा. माझी आई आजही ‘हाय’च म्हणते. त्या दिवसापासून ती आत आली की कुणीतरी “हाय!” म्हणून ओरडायचं. ती बोलायची बंद झाली, आणि मला ते सोयीचं वाटलं. माझा जुगाड तिनं मुकाट्यानं लिहिला आणि तिच्याच नावानं कोड जमा झाला.

दीड महिन्यानं लॅबचा फोन आला. एका वेल्डिंगवाल्याच्या किडनीचा आकडा फार वाढला होता, पण त्याच्या पानावर शेजारच्या पानातल्या धडधाकट माणसाचा आकडा पडला. त्याला सांगितलं गेलं, सगळं नॉर्मल. तो अंगदुखीच्या गोळ्या खात कामावर जात राहिला आणि एके दिवशी दुकानातच कोसळला. दोन्ही किडन्या गेल्या.

मालकांनी सगळ्यांना बोलावलं. “हा कोड कुणाचा?”

स्क्रीनवर तिचं नाव होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “मी हिला नीट तपासायला सांगितलं होतं.”

“मी सरांना सांगितलं होतं,” ती म्हणाली. “दोन पानं उघडी असली तर अडचण येईल, असं मी म्हणाले होते.” एकेक शब्द जपून, पुस्तकातल्यासारखा. नोकरी जाताना दिसत होती, तरी ती उच्चार सांभाळत होती.

“कोण होतं तेव्हा?” मालकांनी विचारलं. हसलेले चौघंही तिथंच उभे होते. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघू लागला. तिला त्याच दुपारी काढलं.

संध्याकाळी मी कोड दुरुस्त केला, अगदी तिनं सांगितलं होतं तसा. तीन-चार ओळींचा फरक होता. मालकांनी पाठ थोपटली.

आठवड्यानं तिचे वडील अनुभवाचा दाखला मागायला आले. चप्पल त्यांनी बाहेरच काढली. वयानं माझ्या वडिलांएवढे. त्यांनी माझ्यापुढं हात जोडले.

“साहेब, पोरगी चुकली. तिच्यापायी एका माणसाचं वाटोळं झालं. ती जेवत न्हाई, लय रडती. तुमी मोठ्या मनानं माफ करा.”

तिनं घरी काय सांगितलं होतं, कोण जाणे. बहुतेक खरंच सांगितलं असणार, आणि त्यांचा विश्वास बसला नसणार. ऑफिसातला साहेब खोटं कशाला बोलेल?

मी खुर्चीतून उठलोही नाही. म्हणालो, “ठीक आहे. होतं असं नव्या मुलांकडून.”

दाखला मात्र मालकांनी दिला नाही. तरी मला नमस्कार करून तिचे वडील गेले. ती आता वडिलांच्या दुकानात ब्लाउज शिवते, असं ऐकतो. वेल्डिंगवाला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला सांगलीला येतो. त्याचे रिपोर्ट आमच्याच एक्स्टेन्शनमधून भरले जातात आणि आता ते अगदी बरोबर असतात.