अंतराळवीराची मी खोडलेली वर्षं

इथल्या डच शाळेत प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा वर्गासमोर उभं राहून एखाद्या विषयावर बोलावं लागतं. त्याला स्प्रेकबेर्ट म्हणतात. मुलं आपला ससा घेऊन जातात, नाहीतर हॉकीची स्टिक. आमच्या दहा वर्षांच्या लेकीने एक जपानी अंतराळवीर निवडला, आणि मी उगाचच ताठ मानेने ऑफिसात फिरलो. जणू मीच त्याला वर सोडून आलो होतो.

आदल्या उन्हाळ्यात आम्ही बुइटनव्हेल्डर्टचं भाड्याचं घर सोडून दुसऱ्या शहरात, आल्मेरेला आलो. मोठं घर मला हवं होतं. शाळा तिची बदलली. नव्या वर्गात सहा महिने होऊन गेले तरी तिला एक मैत्रीण मिळाली नव्हती. शाळा सुटल्यावर ती एकटी भिंतीशी उभी असते, हे तिची आई तिला आणायला गेली की बघून यायची. त्यामुळे भाषणाची ही पंधरा मिनिटं तिच्यासाठी काय होती हे मला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक होतं, म्हणून तर मी मध्ये पडलो.

तिने स्वतः डचमध्ये दीड पान लिहिलं होतं, ते मला मराठीत वाचून दाखवलं. तो माणूस इंजिनीयर होता. निवडीच्या वेळी त्याला बाकीच्या उमेदवारांबरोबर बंद खोलीत ठेवून कागदाचे पक्षी करायला लावले, कंटाळल्यावर हात बिघडतो का ते बघायला. मग तो निवडला गेला आणि बरीच वर्षं नुसता थांबला. दुसरे वर गेले, तो जमिनीवरून त्यांच्याशी रेडिओवर बोलत राहिला. पुढे तिने लिहिलं होतं, "त्याला त्यांचा राग आला नसेल का? मला वाटतं थोडा आला असेल. पण रेडिओवर तो छानच बोलायचा."

मी म्हटलं, "अगं, पण यात कर्तृत्व कुठेय?"

"काय असतं ते?"

"अचीव्हमेंट. तो वर गेला, तिथे प्रयोग केले, देशाचं नाव काढलं! आणि तू काय लिहिलंयस, तो थांबला. थांबणं हा काय मुद्दा आहे का?"

"बट बाबा, तो जास्त वर्षं थांबलाच होता. वर थोडेच दिवस होता."

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी तो ऐकला नाही. शाळेत असताना मी वक्तृत्व स्पर्धा गाजवल्या आहेत, असं मी घरात सांगत असतो. खरं म्हणजे मला चार वर्षांत मिळून एक उत्तेजनार्थ बक्षीस आहे. पण हात कुठे उचलायचा, आवाज कुठे खाली आणायचा, हे अंगात भिनलेलं. मी तिच्या 'मला वाटतं'वर रेघ मारली, थांबण्याची सगळी वर्षं उडवली आणि इंग्रजीत चार पानं लिहिली. जन्म, शिक्षण, निवड, उड्डाण, संदेश. मशीनने त्याचं डच केलं. मला डच येतं ते दुकानात दूध मागण्यापुरतं, त्यामुळे ते मला फारच सुंदर वाटलं.

"तिचं तिला करू दे की," बायको म्हणाली.

"पहिलं इम्प्रेशन असतं गं!"

आठ दिवस पाठांतर झालं. लेकीने एकदाही कुरकूर केली नाही, याचा अर्थ तिला आवडलंय असा मी घेतला.

भाषण झालं त्या दिवशी ती घरी आली आणि दप्तर घेऊन सरळ वर गेली. बऱ्याच वेळाने आईने काढून घेतलं ते एवढंच. भाषणानंतर मुलांनी काय आवडलं, काय सुधारावं ते सांगायचं असतं. एकजण म्हणाला, रोबोट बोलत होता असं वाटलं. सगळे हसले. मग एका मुलीने विचारलं, "निवड झाली आणि उड्डाण झालं, यांच्या मधे तो काय करत होता?"

"मग? तुला तर येत होतं!" मी जिन्यातूनच म्हणालो.

"ते आपल्या पेपरमध्ये नव्हतं ना," ती म्हणाली. "मी म्हटलं, माहीत नाही."

पुढच्या आठवड्यात बाईंबरोबर दहा मिनिटांची भेट होती. मुलांनाही नेतात, आणि आमच्याकडे तर दुभाषी तीच. बाईंनी माझी चार पानं पुढे ठेवली, ओळीवर बोट ठेवलं आणि हळू, स्पष्ट बोलल्या. माझ्यासारख्यालाही त्यातलं 'कोणी मदत केली' आणि 'तिचा आवाज' कळलं.

"काय म्हणतायत?"

लेक माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणतायत, छान झालं. म्हणतायत, तुझं तूच केलंस, गुड."

मग बाईंकडे वळून ती डचमध्ये म्हणाली, बाबांनी फक्त प्रिंट काढून दिली. तेही मला कळलं. भिंतीशी उभी राहणारी माझी मुलगी बाईंसमोर खोटं बोलत होती, माझी अब्रू जाऊ नये म्हणून. मला दुसरीत बाईंनी बाकावर उभं केलं होतं, तेव्हाही कान इतके तापले नव्हते.

मी दूध मागायच्या डचमध्ये म्हणालो, "ती नाही. मी. मी सगळं. तिचं चांगलं होतं. मी फेकलं."

बाईंनी माझी चार पानं बाजूला सरकवली. लेकीने टेबलाखाली माझ्या पायावर लाथ मारली. मग त्या दोघी भराभर बोलू लागल्या, आणि यातलं मला खरंच काही समजलं नाही.

सायकली काढताना मी विचारलं, "काय ठरलं?"

"गुरुवारी मी परत भाषण देणार. फक्त पाच मिनिटं."

"ते तुझं जुनं पान मी ठेवलंय हं."

"ते नको," ती म्हणाली. "त्याच्यावर तुझ्या रेघा आहेत. आय विल राइट इट अगेन."

गुरुवारी ती घरी आली तेव्हा मी घरूनच काम करत होतो. निदान लॅपटॉप तरी उघडा होता. ती स्वयंपाकघरात आईला भाषणाचं काहीतरी सांगू लागली. मधेच दोघी हसल्या. मी पाण्याचं निमित्त करून दारापर्यंत गेलो.

"बाबा, तुला काही हवंय का?"

"पाणी."

तिने ग्लास भरून माझ्या हातात दिला, मी बाहेर जाईपर्यंत थांबली, आणि दार लावून घेतलं.