कान बघणारी कुशामावशी

बाळ जन्मलं की दुपट्यात गुंडाळून ते नातेवाइकांना दाखवायचं, हे आमच्या सूतिकागृहात कुशामावशींचं काम. त्या तिथे वीस वर्षं आया आहेत, मी नऊ वर्षं नर्स. नातेवाईक आधी विचारतात, मुलगा की मुलगी. मग विचारतात, रंग कसा आहे. आई कशी आहे, हे नंतर, सुचलं तर.

तासाभराचं बाळ लालबुंदच असतं. पण आपले लोक हुशार, ते कान बघतात. कानाची वरची कड ज्या रंगाची, त्या रंगाचं पोर पुढे होणार, असं मानतात. कान बघण्यात कुशामावशींचा हात धरणारं कुणी नाही, अशी त्यांची ख्याती. खरं तर त्या प्रत्येक कानाला "उजळ निघंल" म्हणायच्या. लोक खूश व्हायचे, कुणी साडी नेसवायचं.

"आईला दूध सुटाया पायजे, नूतन," त्या मला सांगायच्या. "खोटं बोलल्यानं माझं काय जातंय?"

मावशी तळेघरच्या, डोंगरातल्या आदिवासी. उंच, काळ्याभोर, मोजकं बोलणाऱ्या. भातलावणीला आठ दिवस रजा घेतात, एरवी एक दिवस नाही.

गेल्या दिवाळीनंतर प्रतिभा नावाची एक बाई आमच्याकडे बाळंत झाली. पहिलीच मुलगी. सासू इंद्रायणीबाई, बागायतदार घरातल्या. त्यांनी मावशींच्या हातातून बाळ घेतलं, खिडकीपाशी नेऊन कान दुमडून पाहिला आणि सुनेच्या खाटेशेजारी उभं राहून म्हणाल्या, "आमच्यात असं कुणी न्हाई. पार आदिवासी निघणार ही."

मग त्यांचं मावशींकडे लक्ष गेलं. इंद्रायणीबाई हसल्या. "तुमाला न्हाई वं म्हणत. तुमी घरच्यासारख्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्ख्या समाजाचं नाव, आणि ते यांना नाक मुरडायला वापरायचंय. वर म्हणे घरच्यासारख्या. म्हणजे ऐकून घेणाऱ्या. पण मी तरी काय केलं? सलाइन बदलत होते, ते बदलत राहिले.

प्रतिभाने भिंतीकडे तोंड केलं. बाळ छातीशी नेलं की ती हात काढून घ्यायची. एक तास गेला, दोन गेले. पोर रडून रडून दमलं, आवाज बारीक झाला. असं दमलेलं बाळ पुढे दूध ओढतच नाही, हे मला माहीत होतं. मला फार भीती वाटायला लागली.

शेवटी प्रतिभा भिंतीकडे बघतच म्हणाली, "मावशी, खरं सांगा. कान कसंयत?"

उजळ म्हणा, असं मी मावशींना डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी बाळाच्या कानावरून बोट फिरवलं.

"काळी व्हणार," त्या म्हणाल्या. "माझ्यावानी काळी. लई वर्सं खोटं बोलले मी, आज न्हाई बोलत. काळी हाय, भुकेली हाय आन तुझी हाय. का दुसरी आई बोलावू तिला?"

प्रतिभा रडत वळली आणि तिने बाळ ओढून घेतलं. थोड्या वेळाने ते दूध पिऊ लागलं.

इंद्रायणीबाई दारातून ऐकत होत्या. त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या. आया लेकराबद्दल अभद्र बोलते, अशी तक्रार केली. स्वतः सगळ्यांदेखत काय बोलल्या होत्या, ते अभद्र नव्हतं. डॉक्टर भले आहेत, म्हणजे त्यांना भांडण नको असतं. दुसऱ्या दिवसापासून मावशींना फक्त धुणं आणि लादी, बाळं दाखवायचं काम माझ्याकडे. "तू गोरी आहेस, बोलायलाही गोड आहेस," असं डॉक्टर म्हणाले, आणि मी मान डोलावली.

पहिलं बाळ मुलगा होता. आजीने विचारलं, "रंग कसाय वं?" या प्रश्नाला एक सणसणीत उत्तर मी मनात घोळवून ठेवलं होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "उजळ आहे हो, माझ्यासारखा."

आजीचा चेहरा खुलला. माझी मलाच किळस आली. मावशी तिथेच लादी पुसत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"पाय उचला, सिस्टर," त्या म्हणाल्या.

नऊ वर्षांत त्यांनी मला कधी सिस्टर म्हटलं नव्हतं.