सुतकातला शेवगा

पडदा वर जातो तेव्हा समोर एक मोठी काचेची खिडकी दिसते, आणि तिच्यापलीकडे अमेरिकेतल्या नेपरव्हिलचा पांढराफटक फेब्रुवारी. अलीकडे, उबदार खोलीत, निळ्या पिंपात एक शेवगा उभा आहे. त्याचा शेंडा छताला टेकून वाकलाय. डोक्यावर दिवा लावलाय, कारण सूर्य इथे हिवाळ्यात हजेरीपुरताच येतो. झाडापाशी स्टुलावर ल्युझविमिंडा, सगळ्यांची मिंडा, बसलीय, काळ्या स्वेटरमध्ये, हात मांडीवर टाकून. तिचा नवरा नेस्तर परवा दारातलं बर्फ उपसताना कोसळला, तो उठलाच नाही. आणि आता समोरच्या घरातली शुभा, हातात झाकलेलं पातेलं घेऊन, पाय न वाजवता आत येते आहे.

मिंडा मूळची फिलिपीन्समधल्या इलोइलोकडच्या खेड्यातली. तिथे शेवग्याला मलुंगाय म्हणतात. कुंपणाला फांदी खोचली की ती आपली आपण रुजते आणि येणारा-जाणारा मूठभर पाला ओरबाडून नेतो. नेण्याआधी विचारणं म्हणजे मालकाला कंजूष म्हणण्यासारखं. घरात तांदूळ आणि कुंपणात मलुंगाय असला, तर त्या घराला कुणी गरीब म्हणत नसे.

अमेरिकेत ती वृद्धाश्रमात कामाला लागली. परक्यांच्या आयांना घास भरवण्यात उमेदीची वर्षं गेली. मुलगी मेरिसेल झाली ती अशाच कडाक्याच्या थंडीत, आणि मिंडाला दूध उतरेना. गावी असती तर आईने कोंबडी, कच्ची पपई आणि ओंजळभर मलुंगाय घालून वाटीवर वाटी रस्सा पाजला असता. इथे होती ती डब्यातली पावडर. मेरिसेल त्या पावडरीवर चांगली बाळसेदार झाली, पण मिंडाच्या मनातला सल काही गेला नाही. पुढे कुणीतरी दिलेलं बी तिने या पिंपात पेरलं. थंडी आली की नेस्तर ते पिंप ढकलत, धापा टाकत घरात आणी आणि म्हणे, "हे झाड ठेव, नाहीतर मला ठेव!"

शुभा नागपूरची. नवीन राहायला आली तेव्हा खिडकीतून झाड पाहून तिने सरळ बेलच वाजवली होती.

"मिंडाताई, शेंगा कधी लागतात याला?"

"शेंगा? त्या काठ्या तुम्ही खाता?"

"चोखतो. आमटीतल्या."

"देवा! पाला सोडून काठ्या चोखणारी माणसं आज पाहिली मी, इंदाय." इंदाय म्हणजे तिच्या गावाकडे धाकट्या मुलीला मारायची लाडाची हाक.

"आमच्याकडे तर दारात शेवगा लावतच नाहीत. अशुभ म्हणतात."

"म्हणून तर घरात लावलाय!"

तेव्हापासून दोघींचं जमलं. सुपरमार्केटात मोरिंगाची, म्हणजे शेवग्याच्याच पाल्याची, हिरवी भुकटी दिसली, डबीवर लोह, कॅल्शियम, प्रथिनं अशी जंत्री छापलेली, की मिंडा कोपराने ढोसे. "बघ, माझ्या बापाचं कुंपण डबीत भरलंय."

गेल्या आठवड्यात मेरिसेल आईकडे बाळंत झाली. मुलगी झाली. मिंडाने तिला रोज ताजा पाला तोडून रस्सा पाजला. दूध उतरू लागलं. मिंडाच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की नेस्तर तिला चिडवू लागला, "बाळंत कोण झालंय, तू की ती?"

आणि मग तो गेला. रस्सा थांबला, दूध आटत चाललं, बाळ रडू लागलं. शुभाला वाटलं, बिचारीला सुचत नसेल. ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही, जेवण शेजाऱ्यांनी पोचवायचं, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. मिंडानेच दिलेला पाला तिच्या फ्रीझरमध्ये होता. तिने मुगाची डाळ घालून त्याची पातळ भाजी केली. घरच्यांच्या पोटाला आधार होईल आणि बाळंतिणीलाही चालेल.

तिने झाकण काढलं मात्र, नेस्तरची बहीण फ्लोर दोन पावलं मागे सरली. तिने छातीवर क्रूस केला. "बाहेर ने ते! आत्ताच्या आत्ता!"

शुभाने घाईघाईने झाकण परत ठेवलं.

"मयत झालेल्या घरात हा पाला चालत नाही, इंदाय," मिंडा हळू म्हणाली. "देठ धरून ओढला की पानं कशी एकामागून एक निघून येतात? तशी घरातली माणसं जातात."

"मला माहीत नव्हतं हो, ताई..."

"तुला कुठून माहीत असणार? तू काठ्या चोखणारी." पण कुणी हसलं नाही.

वरच्या मजल्यावर बाळाने टाहो फोडला. मेरिसेल त्याला घेऊन जिन्यावर आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. "मॉम, इट्स जस्ट अ लीफ! आणि तुला भीती वाटत असेल तर राहू दे. मी डब्यातला फॉर्म्युला देते. इट्स फाइन."

"ऐकलंस?" फ्लोर म्हणाली. "पोरीला चालतंय. तू मध्ये पडू नकोस."

मिंडा बाळाच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. शुभा पातेलं उचलून मागे वळली, तेवढ्यात मिंडाने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"मिंडा! शनिवारी त्याला पुरायचंय. तेवढं तरी थांब!"

"शनिवारपर्यंत दूध थांबणार आहे का?"

फ्लोर तोंड फिरवून रडू लागली. मिंडा पातेलं घेऊन नेस्तरच्या तसबिरीपुढे गेली. तिथे मेणबत्ती जळत होती. पहिला चमचा तिने स्वतःच्या तोंडात घातला. तो गिळला. मग वाटी भरून लेकीच्या हातात दिली, ती खायला लागेपर्यंत समोर उभी राहिली, आणि पुन्हा तसबिरीकडे वळली.

"नेस्तर, सोबत हवी असेल तर पुढचा नंबर माझा. पोरींकडे बघायचंसुद्धा नाही."