पाच नंबरची झाडं

माझ्या धाकट्या भावाला माझी एक किडनी द्यायची की नाही, एवढंच मला ठरवायचं होतं आणि तीन महिने मी ते ठरवत नव्हते. तो टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहतो, मी मिशिगनमध्ये नोव्हायला. आठवड्यातून तीन दिवस त्याचं डायलिसिस चालू होतं. तपासण्या होऊन माझी किडनी त्याला जुळते असं कळलं, तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला, मला सोडून. फोनवर मी "अरे, मग प्रश्नच मिटला" असं म्हणाले आणि नंतर बाथरूममध्ये नळ सोडून बसून राहिले. इस्पितळाची भीती मला लहानपणापासून आहे, पण ते निमित्त. खरं सांगायचं तर अठ्ठावन्नाव्या वर्षी मला माझं शरीर जसंच्या तसं हवं होतं, आणि असं वाटतं याची लाजही वाटत होती. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तू ठरव, मी दोन्हीकडे तुझ्याबरोबर आहे. एरवी पडद्यांच्या रंगावरूनही वाद घालणारा माणूस नेमका इथे शहाणा झाला, याचा मला रागच आला. भाऊ तर एकदाही विचारत नव्हता. दर रविवारी फोन करायचा, तिथल्या नर्सच्या नकला करायचा, आणि मी काही बोलायच्या आत "चल ताई, ठेवतो" म्हणायचा.

आमच्या कोकणातल्या गावी अशा वेळी देवीला कौल लावतात. देवीच्या काळ्या पाषाणाच्या मूर्तीवर, उजव्या नि डाव्या अंगाला, गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि आपलं गाऱ्हाणं तिच्या कानावर घालतो. मग सगळ्यांनी गप्प बसून वाट पाहायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्या घरी विहीर कुठे खणायची ते लग्न कुठे जमवायचं इथपर्यंत सगळं असंच ठरलं. मी अमेरिकेला यावं की नाही याचाही वडिलांनी कौल लावला होता. तर या वेळीही मी गावच्या गुरवकाकांना फोन केला. देवावर भार टाकावा म्हणून केला, असं मी स्वतःला सांगितलं. आत कुठेतरी मला माहीत होतं की मला नकार हवा आहे, आणि तो देवीच्या तोंडून आला तर मला कुणी काही बोलू शकणार नाही.

नेमक्या त्याच आठवड्यात मी आणि माझी मुलगी स्पेनमध्ये होतो. तिने वर्षभरापूर्वीच ही सहल ठरवली होती. सेव्हिलच्या उत्तरेला ओकच्या झाडांचं डोंगराळ रान आहे, त्यातून पायी एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं, असे सात दिवस. मला ती कॅन्सल करायची होती, पण भावानेच हट्ट धरला की जा. परत आल्यावर इस्पितळाला उत्तर द्यायचं होतं. गावं फार सुंदर होती. पांढरीशुभ्र घरं, वर टेकडीवर पडका किल्ला, खाली दगडी हौद, आणि गाव संपलं की लगेच रान. मी ते सगळं पाहत होते आणि मला काहीही दिसत नव्हतं.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गुरवकाकांनी व्हिडिओ कॉल लावला. फोन त्यांनी समईला टेकवून ठेवला होता. गाऱ्हाणं झालं. मी हात जोडून बसले, शेजारी मुलगी. बऱ्याच वेळाने माझ्या स्क्रीनवर डाव्या बाजूने एक पाकळी खाली आली आणि त्याच क्षणी कॉल तुटला. मग त्यांचा फोन लागेना, पुढचे तीन दिवसही नाही. आता देवीचं तोंड माझ्याकडे, म्हणजे माझी डावी ती तिची उजवी, म्हणजे होकार. पण काकांनी सेल्फीचा कॅमेरा लावला असेल तर? त्यात म्हणे डावं-उजवं उलटं दिसतं. मग नकार. मी खोलीतल्या आरशासमोर उभी राहून हात वर-खाली करून पाहिले, फोन समोर धरून पाहिला, जेवताना काटा-चमचा इकडचा तिकडे करून पाहिला. जितका विचार करावा तितकं डोकं भणभणायचं. मुलगी अमेरिकेत जन्मलेली, तिला हे सगळं अजब वाटत असणार, पण तिने कधी हसण्यावारी नेलं नाही. फक्त एकदा म्हणाली, "आई, यू जस्ट वॉन्ट हर टू से नो." मी तिला म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही. तिला कळलं होतं, म्हणूनच मी चिडले होते.

पाचव्या दिवशी तिच्या टाचेला फोड आला. आम्ही उतरलो होतो त्या खानावळीत ती थांबली आणि मी एकटीच एक छोटी फेरी करायला निघाले. खानावळीच्या मालकीणबाईंनी कागदी नकाशा दिला. त्यावर त्या फेरीचा नंबर होता पाच. दोन तासांत परत याल, म्हणाल्या. गाव सोडलं, एक लाकडी फाटक उघडून परत लावलं, आणि थोडं पुढे एका जाड ओकच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगात ठळक पाच लिहिलेला दिसला. पुढे आणखी एक. मला बरं वाटलं. निदान इथे तरी कुणी स्पष्ट सांगतंय, असं मनात येऊन गेलं. मी एका पाचवरून दुसऱ्या पाचकडे चालत राहिले. झाडं विचित्र होती, खालून सोलल्यासारखी, तांबडी, आणि वर जाड भेगाळलेली साल. पण आकडा पाहिला की मी पुढे जायची. पायवाट कधी संपली ते कळलंच नाही. मग लक्षात आलं की पाच चहूबाजूंनी आहेत. पुढे, मागे, ओढ्यापलीकडे, सगळीकडे पाच. आणि त्यांच्या पलीकडच्या उतारावर सगळ्या झाडांवर आठ.

फोनला रेंज नव्हती. पाणी संपलं होतं. ऊन तापलं होतं, आणि दूरवर गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या, पण त्या कुठून येतात ते कळत नव्हतं. मी तासाभराहून जास्त फिरले असेन, आणि शेवटी हातपाय गाळून एका पाच नंबरच्या झाडाखाली बसले. तिथे जे झालं ते मी जसंच्या तसं लिहिते. वाटलं की इथेच काही झालं तर कुणाला पत्ताही लागणार नाही. लगेच दुसरा विचार आला, मग त्याला कोण देणार. मुलीचा नाही, नवऱ्याचा नाही, माझा स्वतःचाही नाही, हा विचार आधी आला. मी दचकलेच. तीन महिने मी स्वतःला जी बाई म्हणून ओळखत होते, ती असा विचार करणारी नव्हती. हा माझा होता की कुणी माझ्या डोक्यात घातला, मला आजही सांगता येत नाही. मी मोठ्याने, मराठीत म्हणाले, "आई, कौल राहू दे. मला परत गावात तेवढं ने."

थोड्या वेळाने उतारावरून एक म्हातारी येताना दिसली. पायात रबरी बूट, हातात रिकामी बादली. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. मी नकाशावरचा पाच दाखवला, झाडावरचा पाच दाखवला. ती आधी गोंधळली आणि मग पोट धरून हसली. मला रडू आलं तशी हसायची थांबली, कमरेची बाटली काढून पाणी दिलं आणि शेजारी बसली. मग माझा हात धरून तिने त्या झाडाच्या सोललेल्या भागावर ठेवला. गुळगुळीत होतं, उन्हाने कोमट. तिथून उचलून वरच्या खडबडीत सालीवर ठेवला. मान वर करून हिरव्या फांद्यांकडे बोट दाखवलं आणि काहीतरी दोनदा बोलली. मी मान डोलावली, समजलं काहीच नव्हतं. तिने मला एका खडखडणाऱ्या गाडीतून खानावळीच्या दारात सोडलं. मी आभार मानायला हात जोडले, तर तिनेही तसेच जोडले आणि निघून गेली.

झाडांचं कोडं मालकीणबाईंनी मोडक्या इंग्रजीत उलगडलं. ती बुचाच्या ओकची झाडं, बाटल्यांची बुचं यांच्याच सालीची. नऊ वर्षांतून एकदा त्यांची साल कुऱ्हाडीने काढतात आणि कोणत्या वर्षी काढली त्या वर्षाचा शेवटचा आकडा बुंध्यावर रंगवतात, म्हणजे घाईने पुन्हा कुणी हात लावू नये. पाच म्हणजे गेल्या उन्हाळ्यात काढलेली. झाड मरत नाही का, मी विचारलं. जाणत्या माणसाने काढली तर नाही मरत, त्या म्हणाल्या, आतला पापुद्रा दुखावता कामा नये इतकंच. त्यांच्या आजोबांनी सोललेली झाडं आता त्यांचा मुलगा सोलतो. साल पुन्हा येते, झाड जगतं, हेच म्हातारी दोनदा म्हणाली असेल, असं मला तेव्हा वाटलं. कदाचित ती निराळंच काही म्हणाली असेल.

फोन चार्जिंगला लावला आणि गुरवकाकांचा निरोप आला. आवाजातच होता. "ताई, तुमचा नेटवर्क गेला. मग गावात पण तीन दिवस नेटवर्क नव्हता. खाली पडली ती हाराची पाकळी. कौलाच्या दोन्ही जाग्यावरच होत्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबलो, देवी काय बोलली नाय. परत लावू काय?" मी तो निरोप तीनदा ऐकला. आरशासमोर केलेले सगळे हातवारे आठवून हसू आलं. ज्या पाकळीवर मी इतके फाटे फोडले होते, ती कौलाची नव्हतीच. मी काकांना कळवलं की परत लावू नका, नारळ तेवढा ठेवा. मग खिडकीशी बसून फ्रिस्कोला फोन केला. भावाने नेहमीप्रमाणे नर्सची नक्कल सुरू केली. मी त्याला मध्येच तोडून ऑपरेशनची तारीख घ्यायला सांगितलं.

ऑपरेशन डॅलसला झालं. त्या दिवशी सकाळी आम्हा दोघांना थोडा वेळ एकाच खोलीत ठेवलं होतं, दोघंही त्या मागून उघड्या झग्यांत, आणि त्यावरून त्याने माझी भरपूर चेष्टा केली. मग एकदम गंभीर झाला. मी कौल लावला होता हे त्याला मुलीकडून कळलं होतं.

"ताई, कौल काय लागला होता?"

"लागलाच नाही."

"मग?"

"मग काय. आले."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. नंतर म्हणाला, तुला विचारलं नाही कारण तू नाही म्हणाली असतीस तर मला तुला ताई म्हणताना जड गेलं असतं, आणि मला ते नको होतं. मी त्याचा हात धरून बसले, मला न्यायला आले तोवर.

आता आम्ही दोघं बरे आहोत. भीती गेली असं मी म्हणणार नाही, अजूनही पोटाच्या व्रणावर हात गेला की मी थबकते. त्या रानात मला कुणी अडकवलं आणि कुणी सोडवलं, याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि त्या म्हातारीचं नावही मी विचारलं नाही. आयुष्यभर मला वाटत आलं की देवाला विचारून तो सांगेल तसं वागणं म्हणजे शरण जाणं. त्या वेळी मात्र मी विचारत होते ते माझं उत्तर टाळायला, आणि देवीने गप्प राहून ते माझ्याकडेच ठेवलं. यासाठी मी तिची फार ऋणी आहे. रोज सकाळी देवासमोर दिवा लावते, हात जोडते आणि काहीही न विचारता उठते.