रंगाचं नको, खाजेचं द्या

माझी मुलगी पाच महिन्यांची असताना तिच्या दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले. आधी मला वाटलं, डास चावला. मग ते चट्टे खरखरीत झाले, हनुवटीखाली उतरले, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या वळ्यांत शिरले, आणि पोर माझ्या खांद्यावर गाल घासायला लागली. घासून घासून माझ्या कुडत्यावर रक्ताचे बारीक ठिपके पडायचे. ते बघून माझं डोकं फिरायचं, आणि नेमक्या त्याच दिवसांत जो भेटेल तो मला सल्ला देत होता.

लिफ्टमध्ये भेटणारी खालच्या मजल्यावरची चिनी आजी म्हणाली, "बेबी सो रेड. यू ईट टू मच ड्युरियन, इझ इट?" मी ड्युरियनच्या, त्या उग्र वासाच्या फळाच्या, वाऱ्यालाही उभी राहत नाही. नवरा जहाजावर इंजिनियर. बोट बंदराला लागली की त्याचा फोन यायचा. तो म्हणाला, पाण्यात काहीतरी असेल, नळाला फिल्टर बसवून घे. ऑफिसातल्या एकीने मला दूध सोडायला सांगितलं, दुसरीने गहू. दोघींचं ऐकलं असतं तर मी हवेवर जगले असते. आणि घरात होत्या माझ्या सासूबाई, खास नातीसाठी पुण्याहून आलेल्या, सोबत स्वतः दळून आणलेल्या पिठाचा स्टीलचा डबा घेऊन.

सासूबाईंबद्दल वाईट लिहायचं म्हटलं तरी मला जमणार नाही. सिंगापूरच्या वुडलँड्स भागातल्या आमच्या फ्लॅटचं न्हाणीघर एवढंसं, की त्यात माणूस धड वळत नाही. तिथे त्या प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसायच्या, पाय दाराबाहेर पसरायच्या आणि पायांवर नातीला आडवी घेऊन न्हाऊ घालायच्या. गुडघे दुखायचे, पण दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मला डिंकाचे लाडू, माझ्या ऑफिसच्या मीटिंगच्या वेळी पोर सांभाळणं, सगळं त्यांनीच केलं. म्हणूनच त्या डब्यावरून झालेलं भांडण मला इतकं जड गेलं. वाईट माणसाशी भांडायला काही लागत नाही.

डब्यात डाळीचं पीठ, आंबेहळद आणि वाळवलेल्या संत्र्याच्या साली होत्या. त्यात दुधाची साय कालवून त्या म्हणाल्या, "याने चट्टे जातील बघ. आणि वर रंगही उजळेल."

मला पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही. दुसरं मात्र मी जन्मभर ऐकत आलेय. मी सावळी. आमच्या घरात मला कुणी वाईट बोललं नाही, फक्त माझ्याबद्दल बोलताना मध्ये एक 'पण' यायचा. सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे. सावळी आहे, पण हुशार आहे. दर दिवाळीला आणि प्रत्येक लग्नाआधी मला डाळीच्या पिठाने घासघासून काढायचे, कातडं लाल होईपर्यंत, जणू मी करपलेलं पातेलं. पुढे मी इंजिनियर झाले, स्वतःच्या हिमतीवर नोकरीचा पास मिळवून सिंगापूरला आले, लग्नही मी पसंत केलेल्या मुलाशी केलं, तरी मांडवात कुणीतरी म्हणालंच, मुलगा किती गोरा आहे नाही. पोर झाली ती थेट माझ्या रंगाची. दवाखान्यात तिला पहिल्यांदा छातीवर ठेवली तेव्हा मला झालेला आनंद मी कधी कुणाला सांगितलेला नाही, तो इथे सांगते. माझ्यासारखी आहे, असं म्हणून मी रडले होते.

सासूबाईंनी ते पीठ गालांना लावलं आणि पोर अशी किंचाळली की मी लॅपटॉपवरची मीटिंग तशीच सोडून धावले. त्यांच्या पायांवरून तिला उचलली आणि नळाखाली धरली.

"आई, हे परत लावायचं नाही."

"अगं, पहिल्यांदा झोंबतंच. तुझ्या नवऱ्याला रोज लावायचे मी."

"त्याला चट्टे नव्हते. आणि रंगाचं म्हणाल तर तो जन्माला आला तोच गोरा."

सासूबाई टॉवेलची घडी घालत हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीला ठिकठिकाणांहून नकार आले गं. दर वेळी पोहे मी करायचे, आणि निरोप यायचा तोही मीच तिला सांगायचे. तुला नाही कळायचं."

मला कळत होतं. मला त्या बहिणीचं वाईटही वाटलं. पण नकार देणाऱ्यांच्या तोंडाला कुणी पीठ लावलं नाही, हे मी बोलून दाखवलंच. त्या दिवशी आम्ही दोघी वेगवेगळ्या वेळी जेवलो.

पॉलिक्लिनिकमधल्या, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यातल्या, डॉक्टरीणबाईंनी पोरीला नीट तपासलं. एक्झिमा आहे, म्हणाल्या, घाबरायचं कारण नाही. थोडेच दिवस लावायला एक सौम्य औषध दिलं आणि बजावलं, की खरं काम रोजच्या साध्या मलमाचं. दाट घ्या, बिनवासाचं घ्या, सढळ हाताने लावा. पीठ, दूध, तेल, खाण्याचं काहीच कातडीला नको. मी हे मराठीत सांगितलं आणि सोबत आलेल्या सासूबाईंचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या सगळ्या स्वयंपाकघराला नावं ठेवली.

तिथून आम्ही तिघी स्टेशनजवळच्या मॉलमधल्या औषधांच्या दुकानात गेलो. बाळांच्या मलमांची एक अख्खी भिंत होती. लव्हेंडरचं, बकरीच्या दुधाचं, केशराचं, मधाचं. साधं म्हणवणाऱ्या मलमांनाही बारीक अक्षरांत कसला ना कसला सुगंध घातलेलाच. मी एकेक डबी उलटी करून मागचं वाचत होते आणि परत ठेवत होते. सासूबाईंनी मात्र पुढची बाजू बघून केशराची ट्यूब उचलली. तिच्यावर एक गोरंपान, गुबगुबीत बाळ हसत होतं. त्याच्या अंगावर एक पुरळ नव्हतं. त्याला मलम कशाला लागत होतं, देव जाणे.

विक्रीवरची मुलगी लगबगीने आली. माझ्याकडे बघितलं, कडेवरच्या पोरीकडे बघितलं आणि त्याच ट्यूबवर बोट ठेवून म्हणाली, "धिस वन गुड, मॅडम. बेबी बिकम फेअर. इंडियन मम्मी ऑल लाइक."

बिचारीचा दोष नव्हता. आमच्यासारख्या शंभरजणी येऊन हेच मागून गेल्या असणार, म्हणून तर तिला पाठ झालं होतं. पण माझ्या कडेवर पोर आपला गाल माझ्या खांद्याच्या हाडावर घासत होती, आणि मला इतका संताप आला की आवाज सगळ्या दुकानभर गेला. मी इंग्रजीत सांगितलं, की हिचा रंग बरा आहे, हिला खाज सुटली आहे, खाजेचं काय असेल ते द्या. मग सासूबाईंसाठी मराठीत परत सांगितलं, "रंगाचं नको, खाजेचं द्या." पलीकडे सर्दीची गोळी घ्यायला आलेला माणूस दचकून बाजूला झाला.

काउंटरमागची फार्मासिस्ट बाहेर आली. तिने सगळ्यात खालच्या फळीवरून एक मोठा पांढरा डबा काढला. त्यावर बाळ नाही, फूल नाही, वास नाही. "बोअरिंग वन," ती म्हणाली, "बोअरिंग वन बेटर लाह." उघडून दाखवलं तर आत डालड्यासारखा घट्ट गोळा. मी तिथेच माझ्या मनगटावर लावून बघितलं, वाट बघितली, आणि डबा घेतला. सासूबाई परत येताना बसमध्ये एकच वाक्य बोलल्या, "एवढ्या पैशात केशराचं आलं असतं."

मग सुरू झाली आमची तुपकट दिनचर्या. कोमट पाण्याची झटपट अंघोळ, अंग टिपून लगेच मलम, दुपारी पुन्हा, झोपताना पुन्हा. चादरी, माझे कुडते, सोफ्याचा हात, सगळ्याला मलम. पोर हातातून मासळीसारखी सुळकन निसटायची. लाली ओसरायला लागली, वळ्यांतला ओलावा सुकला, आणि एका दुपारी ती चक्क गाल न घासता माझ्या खांद्यावर झोपून गेली. मी हलले नाही. खांद्याला मुंग्या आल्या तरी हलले नाही.

अशात संक्रांत आली. इथल्या मराठी मंडळींनी पासिर रिस भागातल्या एका कॉन्डो सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्या लहानग्यांचं मिळून बोरन्हाण ठेवलं. काळे कपडे, अंगावर हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या यांची खैरात. पुण्याहून आतेसासूबाईंनी काळ्या नायलॉनच्या जाळीचा, जरीकाठाचा फ्रॉक पाठवला होता. मी तो खुंटीला टांगला. माझा जुना काळा सुती टी-शर्ट, धुवून धुवून मऊ झालेला, त्याचं झबलं शिवलं. हलव्याचे काटेरी दागिने अंगावर घालायला नाही म्हटलं, ते समोर ताटात मांडले.

"लोक काय म्हणतील," सासूबाई म्हणाल्या.

"लोकांना सांगा, सूनबाई ऐकत नाही. खोटं नाही ते."

हॉलमध्ये बाकीची बाळं राजा-राणीसारखी सजून बसली होती आणि आमची मध्ये, मलमाने चकाकत, टी-शर्टच्या झबल्यात. चुरमुऱ्यांचं माप तिच्या डोक्यावरून ओतलं आणि ते खाली पडलेच नाहीत. गालाला, मानेला, दंडांना, जिथे जिथे मलम होतं तिथे चिकटून राहिले. अख्खा हॉल हसला. पोरही हसली, आणि हाताला लागलेला एक चुरमुरा तिने तोंडाकडे नेला. सासूबाई ताडकन पुढे झाल्या आणि तो काढून घेतला. मग खाली बसून एकेक चुरमुरा तिच्या अंगावरून अलगद, कातडीला नख न लागू देता, वेचत राहिल्या.

एवढ्यात ज्यांच्या कॉन्डोत कार्यक्रम होता त्या बाई माझ्याजवळ आल्या, दंडावर हात ठेवून, अगदी मायेने. "काळजी नको करू हं. मोठी झाली की उजळेल. माझा धाकटाही आधी असाच होता."

मी म्हणाले, "मला काळजी नाही. तिची खाज गेली, तेवढीच काळजी होती. रंगाला काही झालेलं नाही."

"तसं नाही गं, मुलीची जात म्हणून म्हटलं."

"मुलीची जात म्हणूनच सांगतेय. तिच्यासमोर परत असं म्हणू नका."

त्या दिवशी तिथे झाडून सगळ्यांनी काळे कपडे घातले होते, कारण सणाला काळं शुभ. कापडाला शुभ आणि कातडीला नाही, हा हिशोब मला आजवर कुणी समजावून सांगितलेला नाही. तिळगूळ देताना बाई माझ्याशी गोड बोलल्या, मीही बोलले. शब्द मात्र मागे घेतला नाही.

खरी परीक्षा त्यानंतर आली. चट्टे गेले आणि त्यांच्या जागी गालांवर, कोपरांवर फिकट डाग उरले, भोवतीच्या रंगापेक्षा कितीतरी गोरे. सासूबाई हरखल्या. खिडकीच्या उजेडात फोटो काढून त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकले, खाली लिहिलं, 'उजळतेय'. पुण्याहून अभिनंदनाचा पाऊस. नवऱ्याचा कुठल्याशा बंदरातून फोन. "आई म्हणतेय गोरी व्हायला लागली?"

"तुझ्या आईला विचार, पोर आहे का भिंत? रंग उडालाय तिचा," मी म्हणाले आणि फोन ठेवला. माझी झोप उडाली होती. तो डबा तर मी निवडला होता, सगळ्यांशी भांडून. त्यानेच माझ्या पोरीचा रंग नेला असेल तर?

डॉक्टरीणबाईंनी डाग बघितले आणि मान हलवली. मलमाचा दोष नाही, म्हणाल्या. कातडी सुजून बरी होते तेव्हा सावळ्या रंगात असं होतंच, काही महिन्यांत भरून येतं. मलम चालू ठेवा. मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्या पुढे झुकून घाईघाईने मला म्हणाल्या, "विचार ना, आहे तसंच ठेवता येईल का? सगळ्या अंगाला असं करता आलं तर?"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजी काय म्हणतायत.

"आजी विचारतायत," मी म्हणाले, "हिचा मूळ रंग पूर्ण कधी परत येईल."

डॉक्टरीणबाई आजींकडे बघून कौतुकाने हसल्या. आजीही हसल्या. याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

फेब्रुवारीत सासूबाई परत गेल्या. विमानतळावर नातीला सोडवत नव्हतं त्यांना, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मग घरात आम्ही दोघीच, आणि तो डबा. रोज अंघोळीनंतर मी तिला खिडकीशी न्यायचे आणि डागांच्या कडा बघायचे. आधी कडा पुसट झाल्या, मग डाग लहान झाले. कोपरांचे आधी भरले, गालांचे रेंगाळले. शेवटचा डाव्या डोळ्याखालचा. तोही भरला त्या सकाळी मी तिला आरशासमोर धरली. दोन सारखे चेहरे, एक मोठा, एक छोटा, दोन्ही एकसारखे सावळे. मध्ये कुठल्याही 'पण'ला जागा नव्हती.

त्याच दिवशी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी चष्मा सारखा केला, फोन नाकाजवळ नेला. बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, ही परत काळवंडली."

"हो आई," मी म्हणाले, "पूर्ण बरी झाली." आणि त्यांना नीट दिसावी म्हणून पोरीला अजून उजेडात घेतली.